निष्क्रियतेचे माप

महाविद्यालयाच्या वसतिगृहात किंवा ग्रंथालयात वायफाय जोडल्यावर लॉगिनचे जे पान समोर येते, त्याच्यामागे दोन यंत्रणा उभ्या असतात: वाट अडवून धरणारा गेटवे, आणि नाव व पासवर्ड तपासून आत सोडण्याचा निर्णय देणारा सर्व्हर, जो बहुधा रेडियस या प्रोटोकॉलने बोलतो. निर्णयासोबत सर्व्हर काही अटीही धाडतो. जून 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी 2865 या मानक-दस्तऐवजात त्यांपैकी दोन अटींना 27 व 28 हे क्रमांक आहेत. सेशन-टाइमआउट ही पहिली अट माणसाने एकूण किती सेकंद आत राहावे हे ठरवते, तर आयडल-टाइमआउट ही दुसरी, सलग किती सेकंद निष्क्रिय राहिल्यास त्याला बाहेर काढावे हे सांगते. मात्र निष्क्रिय कोणाला म्हणावे, याची व्याख्या तेथे दिलेली नाही, आणि या विषयातील बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच आहे.

ज्या काळात ही अट रूढ झाली त्या काळात व्याख्येची फारशी निकड नव्हती. विदेश संचार निगमने ऑगस्ट 1995 मध्ये भारतात इंटरनेट सेवा सुरू केली तेव्हा जोडणी म्हणजे टेलिफोनची एक लाइन आणि पलीकडचा एक मोडेम अडवून ठेवणे होते, त्यामुळे डेटा वाहत नसेल तर लाइन सोडवून दुसऱ्याला देणे हा सरळ हिशेब होता. तरीही लिनक्सवरील पीपीपीडी या जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोणते पॅकेट हालचाल म्हणून मोजावे हे ठरवण्याची वेगळी सोय करावी लागली. सगळ्याच हालचाली सारख्या नसतात, हे तेव्हाही जाणवले होते.

आजचा गेटवे माणसाकडे पाहत नाही, तो पॅकेटे मोजतो. त्यामुळे आधीच उतरवून घेतलेला प्रबंध पाऊण तास एकाग्रतेने वाचणारी विद्यार्थिनी त्याच्या लेखी निष्क्रिय ठरते, आणि फोन उशाशी ठेवून झोपलेला तिचा शेजारी मात्र सक्रिय राहतो, कारण त्याच्या फोनमधील मेल व संदेशांची ॲपे रात्रभर सर्व्हरशी कुजबुजत असतात. मुदत वाढवून वा घटवून हा अन्याय दूर होत नाही, फक्त त्याची जागा बदलते.

म्हणून मुरलेला तंत्रज्ञ आकड्याला हात लावण्यापूर्वी सत्र कोणी संपवले हे शोधतो. आरएफसी 2866 नुसार सत्र संपताना गेटवे सर्व्हरकडे हिशेबाची नोंद पाठवतो आणि तीत समाप्तीचे कारणही देतो: 1 म्हणजे वापरकर्ता स्वतः बाहेर पडला, 2 म्हणजे जोडणीच तुटली, 4 म्हणजे निष्क्रियता, 5 म्हणजे एकूण मुदत संपली. नोंदीत 5 असताना निष्क्रियतेची मुदत दुप्पट करणे म्हणजे दुखणे पोटाला आणि लेप कपाळाला. कारण 4 असेल तर मात्र खरे काम सुरू होते. सत्र चालू असताना मधूनमधून येणाऱ्या नोंदींत बाइटांचा आकडा थांबलेला असेल तर गेटवेचा निवाडा त्याच्यापुरता बरोबर असतो. माणूस चित्रफीत पाहत असतानाही आकडा हलत नसेल, तर वाहतूक मोजणीला चुकवून जात असल्याचा संशय घ्यावा. काही राउटर वेगासाठी पॅकेटे आडवाटेने सोडतात आणि मोजणाऱ्याला त्यांचा पत्ता लागत नाही. या मधल्या नोंदी 10 मिनिटांहून कमी अंतराने मागवू नयेत अशी शिफारस असल्यामुळे 5 मिनिटांच्या मुदतीचा दोष त्यांत दिसतच नाही, आणि तेथे गेटवेवर थेट पॅकेटे टिपण्यावाचून गत्यंतर नसते. एककांचा घोटाळा तर नेहमीचाच: सर्व्हर सेकंद पाठवतो, गेटवेच्या पानावर मिनिटे लिहिलेली असतात, आणि 30 हा आकडा दोन्हीकडे निरागस दिसतो.

एवढ्यानेही घड्याळे संपत नाहीत. अनेक यंत्रांना एकाच बाह्य पत्त्यामागून नेणारे नॅट आपल्या तक्त्यातील जोडण्या स्वतंत्रपणे विसरते. स्थिरावलेली टीसीपी जोडणी निदान 2 तास 4 मिनिटे लक्षात ठेवावी असे मानक सांगते, परंतु पुष्कळ उपकरणे इतका धीर धरत नाहीत. अशा वेळी लॉगिन शाबूत असते आणि दूरच्या संगणकावरील काम तेवढे गोठते. उलट, आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीची मुदत निष्क्रियतेच्या मुदतीहून कमी ठेवणे गैरसोयीपेक्षा धोक्याचे असते, कारण केवळ आयपी पत्त्यावरून माणूस ओळखणाऱ्या गेटवेवर गेलेल्या माणसाचा पत्ता नव्याला मिळतो आणि त्यासोबत त्याचे जिवंत लॉगिनही.

हा सगळा शोध शेवटी वेळ जुळवण्यावर उभा असतो. तेव्हा तक्रारवहीत केवळ 'नेट गेले' असे न लिहिता ते किती वाजून किती मिनिटांनी गेले, त्या क्षणी काय चालू होते आणि लॉगिनचे पान पुन्हा समोर आले की नाही, एवढे वापरकर्त्याने जरूर लिहावे.