नर्सीचा शिंपी, नासरेथचा सुतार

कयाधूच्या काठची नर्सी ही संत नामदेवांची जन्मभूमी म्हणून आम्हा हिंगोलीकरांना मोठी अभिमानास्पद. परंतु ज्यांच्या नामघोषाने पंजाबापर्यंतची भूमी दुमदुमली ते जातीने आणि धंद्याने शिंपी होते, त्यांच्या मांदियाळीत सावता माळी होता, गोरा कुंभार होता, सेना न्हावी होता, हे आम्ही इतक्या सवयीने म्हणून जातो की त्यातले मर्म हातचे निसटते. सावत्याने मळा सोडला नाही, गोरोबाने चाक सोडले नाही. स्वतः नामदेवांचे मन मात्र कातरसुईत फारसे रमले नसावे, असे त्यांच्या आख्यायिकांवरून दिसते. तिकडे ख्रिस्ताच्या घरी सुतारकाम चाले आणि त्याचा प्रेषित पौल प्रवचने करीत हिंडताना तंबू शिवून चरितार्थ चालवी. म्हणजे तोही शिंप्यांच्याच पंगतीतला! तेव्हा ख्रिस्ती माणसाने रोजच्या कामातून शेजाऱ्याचे कल्याण कसे करावे, हा प्रश्न नर्सीच्या परिसरात मुळीच परका वाटू नये.

त्याचे एक जुने उत्तर आमच्या मराठवाड्यानेच पाहिले आहे. हिंगोलीप्रमाणे जालनाही निजामाच्या मुलखातली लष्करी छावणी. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण नारायण शेषाद्री पुढे तेथे धर्मोपदेशक म्हणून आले. नारायणरावांनी सर सालारजंगांच्या दिवाणगिरीत जमीन मिळवून जालन्यानजीक बेथेल नावाचे गाव वसविले. अस्पृश्य गणलेल्यांना तेथे शेत मिळाले, कसब मिळाले, ताठ मानेने राहण्यास घर मिळाले. हे उपकार लहान नव्हेत. परंतु ते गाव मुख्यतः नवख्रिस्तींचे होते. आणि ज्या दारातून आत येण्यासाठी आधी धर्म सांगावा लागतो त्या दाराशी, कितीही शुद्ध हेतूने का होईना, देण्याघेण्याचा हिशेब उभा राहतोच, असे माझे मत आहे.

दुसरे उत्तर जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती, वेल्लोरच्या मिशन महाविद्यालयात वैद्यक शिकलेले. वडाळ्याच्या मिशन इस्पितळात काम करताना त्यांच्या ध्यानी आले की, आज बरा करून पाठविलेला रोगी काही महिन्यांनी तेच दुखणे घेऊन पुन्हा दारात उभा राहतो, कारण दुखण्याचे मूळ इस्पितळात नसून गावच्या पाण्यात, उपासमारीत आणि जातीच्या कुंपणात आहे. अमेरिकेत पुढील शिक्षण घेऊन ते १९७० साली जामखेडच्या दुष्काळी मुलखात येऊन राहिले. शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात, तेव्हा त्यांनी ते काम गावातल्याच निरक्षर, पुष्कळदा दलित, कित्येकदा नवऱ्याने टाकलेल्या बायकांच्या हाती सोपविले: बाळंतपण सुखरूप कसे करावे, जुलाबाने सुकलेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखावा. ज्या विद्येच्या जोरावर डॉक्टर गावाचा साहेब होतो ती विद्या डॉक्टरानेच अशी वाटून टाकावी, ही गोष्ट मला रोग्याची शुश्रूषा करण्याहूनही अवघड वाटते; कारण शुश्रूषा करताना माणूस मोठाच राहतो, आणि येथे त्याला आपले मोठेपण कमी करून घ्यावे लागते.

या सज्जन दांपत्यापाशी थोडी लबाडीही होती, आणि ती मला विशेष प्रिय आहे. कूपनलिका घ्यायची वेळ आली तेव्हा पाणी दलित वस्तीतच लागावे, अशी तजवीज त्यांनी केली. मग ज्यांच्या सावलीचा विटाळ होई त्यांच्याच दाराशी उभ्या गावाला हंडे घेऊन यावे लागले. कोणाच्या धर्माची चौकशी झाली नाही, प्रवचन झाले नाही, पंचांची बैठक बसली नाही. हातपंपाचा दांडा तेवढा हलत राहिला. आरंभी हजारांमागे १७६ अर्भके दगावत असत. तो आकडा काही वर्षांतच झपाट्याने उतरला. १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही दोघांना मिळून.

आता हिंगोली जिल्ह्यात, १९९९ साली परभणीतून फुटून निघालेल्या आमच्या या लहानशा मुलखात, एखादी ख्रिस्ती परिचारिका, एखादा शिक्षक, कचेरीतला एखादा कारकून जेव्हा विचारील की मी काय करावे, तेव्हा त्याला जामखेडची वाट सांगावी. दाखल्यासाठी आलेल्या म्हाताऱ्याचे काम करून देणे चांगलेच. पण पुढच्या खेपेस त्याला कोणाचेही पाय धरावे लागू नयेत असे त्याला समजावून सांगणे अधिक चांगले, मग त्यात कारकुनाचा दरारा थोडा घटला तरी चालेल. जामखेडला शिकण्यासाठी देशोदेशींहून लोक येत आले आहेत, आणि त्यांना शिकविण्याच्या कामात खेड्यातल्या त्या आरोग्यसेविकाही असतात.