चिमट्यांची टोपली

आमच्याकडे कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवायला एक हिरवी प्लॅस्टिकची टोपली आहे. वर अडकवायला आकडा असलेली. सासूबाईंनी सावंतवाडीच्या बाजारातून आणून दिलेली आणि तीस किलोच्या सामानात कशीबशी कोंबलेली. (अशा टोपल्या इथे कुठल्याही दुकानात मिळतात, हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.) ही टोपली गेली दोन वर्षं मला वापरता आलेली नाही. ती का, तेच आज सांगायचं आहे.

अल ऐनच्या आमच्या घराला मागे अंगण आहे. अंगण म्हणजे काय, तर स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की पंधरा पावलं लांब, सहा पावलं रुंद अशी सिमेंटची जागा. तिन्ही बाजूंनी उंच भिंत, कोपऱ्यात एक कडुनिंब, कुंड्यांतून तुळस आणि कडीपत्ता. दाराशी पत्र्याची पडवी आणि पडवीखाली कपडे धुवायचं मशीन. दुबई-अबू धाबीला विसाव्या मजल्यावर राहणारी मंडळी आली की या अंगणाकडे बघून हेवा करतात. मी लग्नानंतर इथे आले तेव्हा मात्र मला त्या भिंतींचं दडपणच आलं होतं. कुठे कोकणातली गडगा ओलांडला की दुसऱ्याच्या अंगणात पोचणारी घरं, आणि कुठे हा चौकोनी हौद!

त्या हौदात जीव आणला तो पाखरांनी. वाळवंटात पाखरं कुठली, असं मला वाटायचं. बघते तर सगळी आपल्याकडचीच! चिमण्या, बुलबुल, टिटवी, लाल जास्वंदीवर उलटा लोंबकळणारा शिंजीर. साळुंक्या तर म्हणे पिंजऱ्यांतून सुटून इथल्या झालेल्या. या मंडळींना ना व्हिसा लागत ना लेबर कार्ड. आणि सगळ्यांत जास्त होले. फिकट तांबूस-तपकिरी, गळ्यावर काळे ठिपके, आणि दुपारच्या सामसुमीत कोणीतरी तोंडावर पदर धरून हसतंय असा आवाज. इंग्रजीत याचं नावच हसणारा होला असं आहे. माझी आजी सगळ्याच जातींना सरसकट 'कवडो' म्हणायची.

तर २०२४ च्या रमजानात, मार्चच्या शेवटी एका शुक्रवारी, चिमटा घ्यायला टोपलीत हात घातला आणि हाताखालून फडफड करत होला उडाला. आत दहा-पंधरा काड्या आणि त्यावर दोन पांढरीशुभ्र अंडी. होल्याचं घरटं म्हणजे निव्वळ भोंगळ कारभार. आपली सुगरण कशी महिनाभर विणत बसते! इथे चार काड्या आडव्या, चार उभ्या, झालं घर. खाली माझे चिमटे होते म्हणून अंडी राहिली, नाहीतर गळूनच पडली असती.

"आता या टोपलीला कुणी हात लावायचा नाही," आमच्या चिरंजीवांनी फर्मान काढलं. त्यांची बारावीची परीक्षा संपत आली होती, म्हणजे अभ्यास सोडून इतर सर्व विषयांत लक्ष घालायची वेळ! आजोबांनी दिलेलं सालिम अलींचं पुस्तक माळ्यावरून खाली आलं. ह्यांनी निमूटपणे नवे चिमटे आणून दिले. दुबईचे युवराज शेख हमदान यांच्या मर्सिडीज जीपवर २०२० सालच्या उन्हाळ्यात असंच एका पाखरानं घरटं केलं, तेव्हा त्यांनी गाडीभोवती फीत बांधून ती वापरायचीच बंद केली होती. पिल्लं बाहेर आल्याचं चित्रण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. युवराज जिथे गाडी सोडतात तिथे आपण टोपली सोडायला काय हरकत आहे, असं ह्यांचं म्हणणं.

शेजारच्या अरबी आजी इफ्तारचं ताट द्यायला आल्या तेव्हा त्यांना मी टोपली दाखवली. त्या कितीतरी वेळ हात जोडल्यासारखे धरून उभ्या होत्या. मग त्यांच्या हिंदीमिश्रित अरबीत त्यांनी मला सौर गुहेची कथा सांगितली. प्रेषित मक्केहून निघून गुहेत लपले, तेव्हा गुहेच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं आणि कबुतरांनी घरटं केलं, म्हणून शोधायला आलेले आत न बघताच परत गेले. जाताना बोट नाचवून म्हणाल्या, "बस, देखो. हात नहीं."

दोन आठवडे आम्ही नुसतं बघितलं. नर-मादी पाळीपाळीनं अंड्यांवर बसत. दोघांत फरक इतका थोडा की कोण कधी बदललं ते मला कळायचं नाही. ईदच्या आधीच्या शुक्रवारी पिल्लं बाहेर आली. खोटं कशाला बोलू, दिसायला भयंकर! डोळे मिटलेले, अंगावर पिवळट लव, चोच शरीराला न शोभणारी. पण त्यांचं खाणं पाहून मी थक्क झाले. चिमणी पिल्लाला किडे भरवते. होल्याचं पिल्लू आईच्या चोचीत आपली चोच खुपसून 'दूध' पितं. होल्या-पारव्यांच्या गळ्यातल्या पिशवीत, अन्न साठतं तिथे, दह्याच्या कवडीसारखं काहीतरी तयार होतं आणि पहिले काही दिवस पिल्लं त्यावरच वाढतात. गंमत म्हणजे हे दूध बापालाही येतं. हे ऐकून मी ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ह्यांनी पेपर वर केला.

पाडव्याला गुढीची काठी काढायला अंगणात गेले तेव्हा पिल्लांचे डोळे उघडू लागले होते आणि पंखांवर सुया फुटल्या होत्या. मी श्रीखंडाची वाटी घेऊन दाराशीच बसले. याच दिवसांत मी एक उद्योग करून ठेवला होता. तो आधी सांगायला हवा.

चिरंजीवांना पुण्याला जायचं होतं. भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. जबल हफीतच्या दगडात समुद्रातले जुने जीव सापडतात हे कळल्यापासूनचं ते वेड. मला ते पटत नव्हतं. म्हणजे विषय पटत होता, पुणं पटत नव्हतं. दुबई इथून दीड तासावर. तिथे शिकला तर दर शनिवारी-रविवारी घरी येईल. पूर्वी इथे मुलगा अठराचा झाला की वडिलांच्या व्हिसावर राहायला शिक्षण चालू असल्याचे दाखले आणून द्यावे लागत. मुलीला लग्न होईपर्यंत ठेवा, मुलानं मात्र अठराव्या वर्षी हिशोब द्यायचा! ऑक्टोबर २०२२ पासून अविवाहित मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत ठेवता येतं. सरकारनं सात वर्षं दिली आणि हा पोरगा ती नको म्हणतो, हे मला कळेना. तेव्हा मी काय केलं, तर त्याला न सांगता दुबईच्या एका विद्यापीठाचा अर्ज त्याच्या नावानं भरून टाकला. मार्कलिस्टा होत्याच माझ्याकडे. फीसुद्धा भरली. ह्यांनाही सांगितलं नाही.

आणि मग पाऊस आला.

१६ एप्रिल २०२४ चा तो मंगळवार इथे राहणारं कुणी विसरणार नाही. दुबई विमानतळावर विमानं पाण्यातून चालली ती चित्रं जगानं पाहिली. पण सगळ्यांत जास्त पाऊस पडला तो आमच्या अल ऐनच्या बाजूला, खत्म अल शकला इथे. एका दिवसाच्या आत २५४.८ मिलिमीटर! १९४९ पासून नोंदी ठेवल्या जातात, तेव्हापासून असा पाऊस झाला नव्हता. आता मी सावंतवाडीची. आषाढात आमच्याकडे एवढं पाणी पडलं तर लोक छत्री घेऊन बाजाराला जातात. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा मी तिथेच अडकले होते. पण पाऊस मिलिमीटरवर मोजायचा नसतो हो, घरावर मोजायचा असतो. आमच्या अंगणाला पाणी जायला एकच बोटभर भोक आहे. दोन महिन्यांपूर्वीच, फेब्रुवारीत, इथे अशा गारा पडल्या होत्या की गाड्यांच्या काचा फुटल्या. तो आवाज अजून माझ्या कानात होता.

सकाळपासून ह्यांचं ऑफिस घरूनच होतं. दुपारी आकाश काळं झालं, मग चक्क हिरवट झालं. वारा सुटला. पडवीचा पत्रा धडधडू लागला आणि टोपली घड्याळाच्या लंबकासारखी हलायला लागली. होला आत बसलेला. पिल्लं अकरा दिवसांची, चांगली दांडगी झालेली, ती काही आता त्याच्या पोटाखाली मावत नव्हती. तो पंख अर्धे पसरून त्यांच्यावर नुसता पडून होता आणि पाणी त्याच्या पाठीवरून ओघळत होतं. चिरंजीवांनी इस्त्रीचं टेबल आडवं लावून वारा अडवला. घोट्याएवढं पाणी झालं होतं.

"आत घेऊया टोपली," मी म्हटलं.

"नको आई. पिल्लं या वयाची झाली की हात लावल्यावर उड्या मारतात. उडता येत नाही तरी मारतात. पुस्तकात आहे. तो बसलाय ना? बसू दे त्याला."

तो पोतेरी आणायला आत गेला आणि तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला. टेबल आडवं झालं. मला राहवलं नाही. मी आकड्याला हात घातला.

होला माझ्या तोंडावरून गेला. एक पिल्लू उडालं ते मशीनवर आपटलं आणि मागच्या सापटीत, साबणाच्या खोक्यांच्या फळीवर जाऊन दडलं. दुसरं पाण्यात. हे सगळं होईपर्यंत मी हातात रिकामी टोपली घेऊन उभी. चिरंजीव धावत आले, पाण्यात बसून त्यांनी कडीपत्त्याच्या कुंडीमागून ते पिल्लू काढलं. पंचात गुंडाळून बुटांच्या खोक्यात ठेवलं. मी दूध-पाणी आणायला निघाले तर म्हणाला, "त्याला चोचीत पाणी ओतलं तर छातीत जाईल. राहू दे." आणि मग अगदी हळू, "तू हात लावायला नको होतास."

एवढंच. पुन्हा तो विषय त्यानं आजतागायत काढलेला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

रात्री वीज गेली. मेणबत्तीच्या उजेडात ते खोकं स्वयंपाकघराच्या ओट्यावर होतं आणि आम्ही तिघं पाणी उपसत होतो. पहाटे मी झाकण उघडलं तेव्हा पिल्लू गार झालं होतं. अंग तेवढंसं ओलंही नव्हतं. त्या दिवशी रामनवमी होती. दुपारी बाराला पाळण्याची दोरी ओढायची, आणि सकाळी मी तुळशीच्या कुंडीत खड्डा करत होते. मी बसून राहिले असते तर दोन्ही वाचली असती का? टोपली वाऱ्यानं पडलीच असती का? ह्यांचं म्हणणं पडलीच असती. ह्यांचा स्वभावच तसा आहे.

आकाश मात्र धुतल्यासारखं निळं. सातच्या सुमाराला भिंतीवर होला येऊन बसला. मग दुसरा. दोघं मान वेळावून टोपलीकडे बघत होते. टोपली मी पुन्हा आकड्याला लावली होती, काड्यांसकट. सापटीतून बारीक आवाज आला आणि एक होला सरळ मशीनवर उतरला, तिथून फळीवर. मी दाराच्या काचेला नाक लावून बघत होते. पिल्लू पंख थरथरवत चोच त्याच्या चोचीत घालत होतं.

पुढचे पाच दिवस मशीन बंद. ह्यांनी ऑफिसात लग्नातला शर्टसुद्धा घालून पाहिला. भिंतीवर मांजर दिसलं की चिरंजीव चप्पल घेऊन तयार. पाचव्या दिवशी पिल्लू मशीनच्या झाकणावर आलं. होला समोर निंबाच्या फांदीवर, तिथूनच घुमत होता. सकाळपासून खायला घालायला म्हणून काही तो खाली आला नाही. पिल्लू झाकणावर पुढे-मागे, पुढे-मागे. पंख उघडायचं, मिटायचं. दोनदा घसरलं. माझे हात शिवशिवत होते म्हणून मी ते पदराखाली घट्ट धरले. साडेनऊला ते निघालं. उडणं म्हणायचं म्हणून म्हणायचं, भिरकावलेल्या फडक्यासारखं गेलं आणि निंबाच्या सगळ्यांत खालच्या फांदीला कसंबसं लटकलं. मग सावरून बसलं. बापानं भरवलं तिथेच.

चिरंजीव माझ्या मागे उभे होते. मी वळले आणि तसंच, काही प्रस्तावना न करता, अर्जाचं सांगून टाकलं. फीचंही. तो खूप वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "किती दिरहम?" मी आकडा सांगितला. "बाबांना सांगितलंस?" नाही म्हटलं. "मग आधी त्यांना सांग," म्हणाला आणि फिस्सकन हसला. त्या हसण्यानं मला जे रडू आलं ते आवरेना. तो अर्ज आम्ही त्याच दुपारी मागे घेतला. फी काही परत मिळाली नाही, ते तसं नियमातच होतं.

जुलैत तो पुण्याला गेला. विमानतळावर मी त्याच्या बॅगेची चेन दोनदा तपासली आणि तिसऱ्यांदा ह्यांनी माझा हात धरला. व्हिसा जिवंत ठेवायचा तर सहसा सहा महिन्यांच्या आत इथे पाऊल टाकावं लागतं, म्हणून दिवाळीला तो आला. आल्या आल्या पायात चपला न घालता मागच्या अंगणात.

होले त्यानंतर त्याच टोपलीत चार वेळा बसले. ते काड्याही नव्या आणत नाहीत, जुन्यांवरच चार टाकतात. एकदा अंडी मैनांनी फोडली, एकदा नुसतंच सोडून गेले, दोनदा पिल्लं नीट उडाली. मी दाराच्या आतून बघते. गेल्या रविवारी फोनवर चिरंजीव म्हणाले की सह्याद्रीत दगड बघायला गेले होते आणि पावसात सगळे भिजले. छत्री होती का, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं.

"टोपलीत कोण आहे?" त्यानं विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "कालपासून बसलाय. अंडी किती ते बघितलं नाही."