बुलबुल आणि आपा

क्रिस्टिन हॅना यांची ‘द नाइटिंगेल’ ही २०१५ची कादंबरी नुकतीच वाचली. १९४०. जर्मन फौजा पॅरिसवर चालून येतात आणि दुरावलेली धाकटी इझाबेल गावी थोरल्या व्हिआनकडे येते. पटत नाहीच. पुढे धाकटी दोस्तराष्ट्रांच्या वैमानिकांना पिरेनीज ओलांडून स्पेनला पोचवते. थोरली ज्यू मैत्रिणीचा मुलगा स्वतःचा म्हणून सांभाळते. पण धाकटीच्या लेखी ती भित्रीच.

अब्बांच्या घराच्या वाटणीत आपाने भावांकडे हिस्सा मागितला नाही. मी मागितला. तेव्हापासून मी तिला भित्री समजत आले. गप्प राहून तिने काय सांभाळलं, हे कधी विचारलंच नाही.

काल फोन लावला. ती एवढंच म्हणाली, “खाना खाया?”

वाटणीचं अजून बोलायचं आहे.