ऊन येईपर्यंत

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगावर पहिला तांब्या पडला, की मला एका धामणीची आठवण होते. दिवाळीच्या पानावर साप आणल्याबद्दल वाचकांनी रागावू नये. तो केव्हाच मेला आहे, आणि त्याच्या मरणात माझा वाटा आहे.

या गोष्टीला साठ वर्षे होऊन गेली. वाईच्या अलीकडे, कृष्णेकाठच्या एका खेड्यात माझे आजोळ. त्या वर्षी थंडी लवकर पडली होती. परसात तीन दगडांच्या चुलीवर तांब्याचा हंडा चढला होता. आजी कंदिलाच्या उजेडात तेलाची वाटी घेऊन बसली होती. "जळण संपत आलंय, दोन लाकडं आण बघू," तिने मला सांगितले. चुलीशेजारच्या ढिगातले लाकूड मी उचलले, आणि खाली ती दिसली. चांगली सहा फूट लांब, पिवळसर तपकिरी. मी किंचाळलो. थोरले मामा काठी घेऊन धावले.

धामण पळाली नाही. तिने डोके जरासे उचलले आणि पुन्हा खाली टेकले.

"बघ, हलत नाही! डूख धरून बसलीय," मामा म्हणाले. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असा गावाचा समज. त्यामुळे तिच्या नावावर आधीच एक गुन्हा होता. चार तडाख्यांत सारे संपले. "सणाच्या दिवशी कशाला रे?" एवढेच आजी म्हणाली. मग आम्ही न्हालो, पायाखाली कारीट फोडून नरकासुराचा वध केला आणि फराळाला बसलो.

मामांना मी बोल लावीत नाही. आरडाओरडा माझा होता. मनात खटकत राहिले ते एकच : ती पळाली का नाही? उन्हाळ्यात बांधावर मी धामण पाहिली होती. दिसली न दिसली तोच ती गवतात नाहीशी झाली होती.

पुढे मी शाळामास्तर झालो, आणि तोही विज्ञानाचा. तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो : 'मासे, बेडूक, सरपटणारे प्राणी – शीतरक्ताचे.' एके दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, भर उन्हात बसलेल्या सरड्याचं रक्तसुद्धा गार असतं का हो?" वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी गेल्यावर पुस्तके काढून बसलो.

पोराचे बरोबर होते. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात कोल्स आणि बोगर्ट या दोन संशोधकांनी सरड्यांचे आणि सापांचे तापमान मोजून 1944 साली प्रसिद्ध केले, तेव्हाच 'शीतरक्त' या शब्दातली हवा गेली होती. हे सरडे काही वेळ उन्हात, काही वेळ सावलीत असे करीत आपले अंग बेताच्या उष्णतेवर राखतात. पुष्कळदा ती आपल्या 37 अंशांच्याही वर असते. त्यांचे रक्त थंड नसते. ते उसनवारीचे असते एवढेच. आपण खाल्लेल्या अन्नातला मोठा हिस्सा नुसते अंग ऊबदार ठेवण्यात जाळतो. साप ती ऊब सूर्याकडून, तापलेल्या दगडाकडून मागून घेतो. म्हणूनच त्याच वजनाच्या ऊबदार प्राण्याच्या मानाने साधारण दहाव्या हिश्शात त्याचे भागते आणि एका उंदरावर त्याचे कित्येक दिवस निघतात. काटकसरीचा संसार म्हणायचा!

पण उसनवारीला सावकाराची मर्जी सांभाळावी लागते. तापमान दहा अंशांनी उतरले, की शरीरातले व्यवहार निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्शावर येतात. स्नायू आखडतात, पचन थांबते. थंडीत सापडलेला साप गिळलेले भक्ष्य ओकूनही टाकतो. फणा, दात, पळ, सारे जागच्या जागी असते. ते चालवायला ऊब मात्र नसते.

त्या रात्री मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. धामण बिनविषारी आणि उंदरांची वैरीण. ती डूख धरून बसली नव्हती. चुलीच्या धगीला आली होती, आमच्यासारखीच. तिला पळायचे असणार. पळता येत नव्हते. सूर्य दोन हात वर येईपर्यंत थांबलो असतो, तर ती आपल्या पायांनी म्हणा, पोटाने म्हणा, निघून गेली असती.

आणखी एक गोष्ट वाचली, ती तर जिव्हारी लागली. आपल्याकडच्या अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि हवा गार झाली, की अंगाचे स्नायू थरथरवून त्यांना ऊब देते. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या अशा एका मादीची मोजमापे 1966 साली प्रसिद्ध झाली. तिचे अंग भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी गरम भरले. निर्दय माणसाला आपण 'थंड रक्ताचा' म्हणतो. त्या शब्दात या कुडकुडणाऱ्या आईला कुठे बसवायचे?

गेल्या दिवाळीची गोष्ट. सगळ्यांच्या आंघोळी झाल्या होत्या. शेवटचा नंबर माझा. माझी बादली भरून ठेवली होती. एवढ्यात नातू अंगणातून ओरडला, "आजोबा, हा सरडा बघा! मुळीच घाबरत नाही. याच्याजवळ लवंगी लावू?" जास्वंदीच्या फांदीला चिकटून सरडा बसला होता. डोळे अर्धे मिटलेले, अंगावर दव.

"लावू नकोस," मी म्हणालो. "ऊन येऊ दे."

आम्ही दोघे पायरीवर बसलो. आतून दोनदा हाका आल्या. अखेर गच्चीवरून ऊन उतरले आणि फांदीवर आले. सरड्याने आपली कूस उन्हाकडे वळवली. बराच वेळ तो तसाच होता. मग मान वर-खाली केली, एकदा आमच्याकडे पाहिले आणि सर्रकन पानांत दिसेनासा झाला.

"एवढ्यासाठी थांबलो?" नातू म्हणाला.

"एवढ्यासाठीच," मी म्हणालो, आणि आंघोळीला गेलो. बादलीतले पाणी पार निवले होते. सुनेने दुसरे देऊ केले, पण मी तेच घेतले. पहिल्या तांब्याला अंगावर शहारा आला.