कोयता म्हणजे काय?

दिवाळीचा आकाशकंदील उतरेपर्यंत परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, सोनपेठ, जिंतूर तालुक्यांतले कितीतरी बंजारा तांडे निम्मे रिकामे झालेले असतात. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, दसऱ्याआधीच वाटून झालेली असते. ट्रक येतो, भांडीकुंडी आणि माणसं चढतात. मागे म्हातारी माणसं उरतात, आणि त्यांच्या पदराला धरून काही लेकरं.

गेल्या हिवाळ्यात असाच एक दहा वर्षांचा मुलगा आजीबरोबर माझ्याकडे बुद्धिमापनासाठी आला. सोबत शाळेची चिठ्ठी होती: ‘आकलन कमी.’ शब्दार्थांच्या प्रश्नांना तो नुसता टेबलाची कड नखाने खरवडत राहिला. (खरे प्रश्न इथे सांगणार नाही. ते छापले की चाचणी बाद होते.) नियमाप्रमाणे सगळं पुरं केलं, वही मिटली आणि सहज विचारलं, “कोयता म्हणजे काय रे?”

“याडी-बाप,” तो म्हणाला. मग माझ्यासाठी मराठीत: “माय-बाप.”

शेजारी बसलेल्या माझ्या विद्यार्थिनीला हसू आलं. ती शहरातली. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, उचल कोयत्यावर मिळते, एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’, हे तिच्या कानावर कधी आलंच नव्हतं. ‘ऊस तोडायचं हत्यार’ या उत्तराला आम्ही पूर्ण गुण दिले असते. हा मुलगा हत्यारावरून माणसांवर गेला होता. साहित्यशास्त्रात याला लक्षणा म्हणतात. आमच्या गुणदानाच्या पुस्तिकेत शून्य.

अशीच ‘चुकीची’ वाटणारी उत्तरं फार पूर्वीही नोंदली गेली आहेत. १९३१-३२ मध्ये रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांपुढे हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांची चित्रं ठेवत असे. यातलं वेगळं कोणतं? शेतकरी म्हणत, एकही नाही. ओंडका काढला तर करवतीने कापायचं काय? तीन हत्यारांचा गट पाडता येतो हे सुचवून पाहिलं, तरी बऱ्याच जणांना त्यात काही अर्थ वाटेना. थोडीफार शाळा झालेले मात्र सहज गट पाडत. गट पाडायची सवय शाळा लावते. लुरियाचं हे काम रशियनमध्ये पुस्तकरूपाने यायला १९७४ साल उजाडलं.

आपल्याकडे चाचणीच्या भाषेचा विचार लुरियाच्या त्या प्रयोगांच्या सुमारासच झाला होता. धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४० चं. मला ते काम फार मोठं वाटतं. पण तीही दोन भाषांचीच सोय. घरी बंजाऱ्यांची गोरमाटी, शाळेत पुस्तकी मराठी आणि फडावर तिसरंच काहीतरी ऐकणाऱ्या मुलाला ‘साम्य सांग’ म्हटलं की तो आधी ‘साम्य’पाशीच अडतो. ‘दोन्हींत सारखं काय?’ असं विचारलं तर गाडी पुढे सरकते, पण चाचणीतले शब्द बदलायची मुभा मला नाही.

म्हणून चाचण्या फेकून द्याव्यात, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. ऐकू कमी येणारी, खरोखर मदत हवी असलेली मुलं त्यांच्यामुळेच हाती लागतात. बिनेने १९०५ मध्ये चाचणी केली ती शाळेत मदत हवी असलेली मुलं ओळखण्यासाठीच. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, असं म्हणणाऱ्यांवर तो स्वतःच पुढे चिडला होता.

त्या मुलाला ‘निम्मे’ असलेलं एक गणित सुटलं नव्हतं. मी विचारलं, “दोन कोयते आणि एक अर्धा कोयता ट्रकमध्ये बसला. माणसं किती?”

“पाच.” बोटंही मोजली नाहीत. मग म्हणाला, “यंदा आमचा अर्धाच गेलाय. याडीला बरं नाही.”

अहवालात आकडा लिहावाच लागतो, तो लिहिला. खाली शेऱ्यासाठी दोन ओळींची जागा असते. तिच्यात चाचणीची भाषा घरची नव्हती एवढं मावलं. गुढीपाडव्यानंतर गोरमाटी बोलणारं कुणी सोबत घेऊन पुन्हा या, असं आजीला सांगितलं. अजून आलेले नाहीत.