न पाहिलेला चातक

महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या आम्हां दोघांना पक्ष्यांचा कधी तोटा नव्हता. चातक, चकोर, चक्रवाक, राजहंस ही मंडळी वर्षातून एकदा तरी आमच्या फळ्यावर येऊन बसत. चातक म्हणजे अनन्यनिष्ठा, चकोर म्हणजे आस, हंस म्हणजे विवेक. विद्यार्थी ही समीकरणे उतरवून घेत आणि उत्तरपत्रिकेतून जशीच्या तशी परत करीत. वीस वर्षे हा व्यवहार सुरळीत चालला. त्यात खंड पडला तो सिंहगडाच्या वाटेवर, आणि तोही घरच्याच माणसांमुळे.

जूनचा दुसरा आठवडा होता. पाऊस एकदा तोंड दाखवून गेला होता. रविवारची गर्दी उसळण्याआधी चढून जावे म्हणून भल्या पहाटे आम्ही मुलांना घेऊन आतकरवाडीच्या बाजूने निघालो. थोरली सातवीत, धाकटा तिसरीत. थोरलीच्या गळ्यात मैत्रिणीकडून मागून आणलेली दुर्बीण आणि पाठपिशवीत पक्ष्यांचे सचित्र पुस्तक. धाकट्याच्या हाती वही-पेन्सिल. मुलांबरोबर डोंगर चढणे म्हणजे दर दहा पावलांवर थांबणे. आपले लक्ष माथ्याकडे असते, त्यांचे वाटेवरच्या मुंगळ्याकडे. आरंभी आम्हांला याचा जाच वाटे. पुढे ध्यानात आले, की पक्षी दिसतात ते थांबणाऱ्यालाच.

पहिल्या टेपावर करवंदीच्या जाळीत एक पक्षी येऊन बसला. डोक्यावर काळा टोकदार तुरा, पोट पांढरे. ‘हा कोणता?’ धाकट्याने विचारले. तुरा दिसताच आमच्यापैकी एकाने (कोणी, ते सांगण्यात अर्थ नाही, दुसऱ्यानेही मान डोलावलीच होती) ठामपणे सांगितले, ‘चातक!’ पाठोपाठ चातकाच्या तहानेवर चार वाक्येही झाली. धाकट्याने वहीत ‘चातक’ लिहिले.

थोरलीने शांतपणे दुर्बीण लावली, पुस्तक चाळले आणि म्हणाली, ‘याच्या गालावर लाल ठिपका आहे. हा शिपाई बुलबुल. तुम्ही दोघांनी चातक पाहिलाय तरी का कधी?’

‘शिकवलाय’ हे उत्तर ओठांपर्यंत आले आणि तेथेच थांबले.

चूक लहान होती, पण टोचत राहिली. पक्षी न ओळखता येणे हा काही अपराध नव्हे. आम्हांला खटकले ते उत्तर देण्यातले आमचे सराईतपण. वर्गात ‘माहीत नाही’ म्हणण्याची सवय सुटली की ती घरातूनही जाते, डोंगरावरूनही जाते. धाकट्याने खोडरबराने ‘चातक’ पुसले. कागदावर त्याचा वण राहिलाच. मग त्याने विचारले, ‘खरा चातक कसा असतो?’

‘माहीत नाही,’ आम्ही म्हणालो. मुलांसमोर हे शब्द उच्चारल्याचे आम्हांला तरी आठवत नव्हते. थोरलीने पुस्तकातले चित्र काढले आणि चौघांनी मिळून ते पाहिले.

अर्ध्या वाटेवर सातभाईंचा एकच कलकलाट ऐकू आला. झुडपातून एक काळापांढरा पक्षी निसटला. उडताना पंखावर पांढरा पट्टा चमकला, लांब शेपटीची टोकेही पांढरी. तो वाळक्या फांदीवर टेकला. तुरा होता. थोरली काही बोलली नाही; तिने दुर्बीण आमच्या हाती दिली.

चातक एक केसाळ सुरवंट फांदीवर आपटत होता. आपटून झाल्यावर त्याने तो गिळला. मान आकाशाकडे नव्हती, चोच पावसासाठी उघडलेली नव्हती. ‘हा तर सुरवंट खातोय!’ धाकटा कुजबुजला. सातभाई त्याच्यामागे का लागले होते, तेही थोरलीनेच वाचून दाखवले. चातक आपली अंडी त्यांच्या घरट्यात घालतो आणि पिल्ले त्यांच्या माथी मारतो. एकनिष्ठेच्या त्या थोर प्रतीकाचे हे घरगुती वर्तन ऐकून मुले हसत सुटली. आम्हीही हसलो.

मग आमचे कवी खोटे बोलत होते काय? घरी परतल्यावर राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ पुन्हा काढली. कविसमय सांगताना तो म्हणतो, की पूर्वसूरींनी देशोदेशी, द्वीपोद्वीपी हिंडून जे अनुभवले ते लिहिले; देशकाल पालटल्यावर ते तसे उरले नाही, तरी कवी तसेच बांधीत राहिले. हे आम्ही शिकवलेलेही होते. ‘हिंडून’ या शब्दावर मात्र आमचे बोट कधी थांबले नव्हते. आपल्याकडे येणारे पुष्कळ चातक पावसाळी वाऱ्यांच्या सुमारास आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येतात. ढगांची वाट पाहणाऱ्या कोणाला तरी ढगांआधी हा पक्षी दिसला असेल आणि त्याने दोघांची गाठ बांधली असेल. ‘मेघदूता’तही मेघाच्या डाव्या बाजूला चातक गोड बोलतो आहे. संकेताच्या तळाशी कोणाचे तरी पाहणे होते. आम्ही संकेत तेवढा घेतला होता.

पुढे आमच्यापैकी एकाच्या वर्गात चातक नेमाप्रमाणे आला. या वेळी समीकरण लिहिण्याआधी विचारले, ‘चातक कोणी पाहिला आहे?’ एकही हात वर झाला नाही. बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरून, वर्षभरात एकदाही न बोललेल्या मुलाने विचारले, ‘पावशा चालेल का?’

तो ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडू लागला की त्यांच्या घरी बियाणे काढून ठेवतात, असे तो सांगू लागला. पक्षी दिसतो क्वचित, आवाज मात्र रात्रीही येतो. कोणत्या झाडावरून, कोणत्या दिवसांत, आजोबा त्यावर काय म्हणत, सारे त्याने सांगितले. तास संपेपर्यंत तो बोलत होता. फळा कोरा राहिला. वही आमच्याच हाती होती आणि आम्ही उतरवून घेत होतो.