नोमची वाट आणि अतिभाराचा विचार

अमेरिकेच्या अलास्का राज्यात, बेरिंग समुद्राच्या काठी नोम हे छोटे गाव आहे. राज्याच्या इतर शहरांपासून तेथे मोटाररस्ता जात नाही. दर मार्च महिन्यात या गावात एक कंदील लावतात आणि अँकरेजकडून निघालेला शेवटचा स्पर्धक पोहोचेपर्यंत तो विझवत नाहीत. पहिल्याचा सत्कार सर्वत्र होतो. येथे शेवटच्याचीही वाट पाहिली जाते.

ही ‘इडिटारॉड’ नावाची श्वानगाड्यांची शर्यत. अंतर सुमारे 1600 किलोमीटर. पर्वतरांग ओलांडून, गोठलेल्या युकॉन नदीवरून आणि शेवटी समुद्रकिनाऱ्याने वाट जाते. थंडी कधी उणे 40 अंशांपर्यंत उतरते. जानेवारी 1925 मध्ये नोमला घटसर्पाची साथ आली, तेव्हा नेनाना रेल्वेस्थानकापासून सुमारे 20 गाडीवानांनी आळीपाळीने 1085 किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत कापून औषध पोहोचविले. पुढे यांत्रिक बर्फगाड्या आल्या आणि गावोगावचे कुत्रे नाहीसे होऊ लागले. ती परंपरा टिकावी म्हणून जो रेडिंग्टन यांनी 1973 साली नोमपर्यंतची ही शर्यत सुरू केली.

गाडीवानाला तेथे ‘मशर’ म्हणतात. त्याची साधना वर्षभराची असते. शरद ऋतूत बर्फ पडण्यापूर्वी चारचाकी वाहनाला कुत्रे जुंपून थोड्या अंतरापासून सराव सुरू होतो व हळूहळू तो वाढवीत नेतात. कुत्र्यांना लगाम नसतो. ‘जी’ म्हटले की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटले की डावीकडे, हे सर्वांत पुढचा कुत्रा ऐकून ओळखतो. मुक्कामी पोहोचल्यावर मशर आधी बर्फ वितळवून कुत्र्यांना ऊन अन्नपाणी देतो, गवत अंथरतो, प्रत्येक पंजा तपासून मलम लावतो. मग वेळ उरला तर स्वतः तास-दोन तास झोपतो. बक्षिसाच्या रकमेतून वर्षाचा खर्च बहुतेकांचा निघत नाही.

सुसान बुचर या मशर स्त्रीचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 1985 च्या शर्यतीत वाटेत एका मूसने, म्हणजे तिकडच्या अवाढव्य सांबराने, तिच्या कुत्र्यांवर हल्ला केला. दोन कुत्रे मेले, अनेक जखमी झाले. तिने शर्यत सोडली. पुढे 1986, 1987, 1988 आणि 1990 अशी चार वेळा ती जिंकली. 1991 साली नोम जवळ आले असताना वादळ उठले. आघाडीवर असूनही ती मागे फिरली. रिक स्वेन्सन पुढे गेला आणि पाचव्यांदा विजयी झाला. 2006 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने बुचरचे निधन झाले.

हे वाचताना जैन मनात प्रश्न उभा राहतोच. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणापासून ऐकतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. शर्यतीच्या नियमांत यांपैकी काहींची जाणीव दिसते. वाटेत एक 24 तासांची आणि दोन आठ-आठ तासांची विश्रांती सक्तीची आहे. पशुवैद्य तपासणी करतात. थकलेल्या कुत्र्याला मशर गाडीत घेतो आणि पुढच्या ठाण्यावर उतरवतो; ओढणाऱ्यालाच तेव्हा वाहून न्यावे लागते. तरीही 2024 च्या शर्यतीत तीन कुत्रे मेले. शिवाय त्यांचे अन्न मांसाचे. औषधासाठी धावणे ही आपत्ती होती. स्पर्धेसाठी धावविणे ही निवड आहे. कुत्र्याला धावण्याची आवड असते हे खरे, पण थांबण्याचा निर्णय त्याच्या हाती नसतो. म्हणून या शर्यतीला माझी संमती नाही. मशरांच्या सेवाभावाबद्दल आदर मात्र आहे.

परंतु दूरच्यांचा न्याय करणे सोपे आहे. ऊसाच्या हंगामात वाकलेल्या बैलांच्या गाड्या आपल्याच रस्त्यांवर दिसतात. गोदामात पोती वाहणारा हमालही आपलाच. जेवण्याआधी गाडीवाल्या जनावरांना पाणी मिळाले का, हमाल जेवला का, एवढे विचारण्याचा नेम पर्युषणानंतरही चालू ठेवता येईल. अतिभार टाळण्याची सुरुवात आपल्या पेढीपासून व्हावी.